जर्नल पूर्ण, स्क्रीन कोरा: पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमधला दरवर्षीचा बिघाड

प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहे, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येऊन बसलेत. पोराने प्रश्नाची स्लिप उचलली: ‘दिलेल्या संख्येतल्या सम अंकांची बेरीज करा.’ त्याच्या जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वहीत) ‘अंकांची बेरीज’ हा प्रोग्रॅम आहे, त्याच्याच अक्षरात, खाली माझी सही. तरी वीस मिनिटं झाली आणि स्क्रीनवर हेडर फाइलची ओळ, मेन आणि दोन महिरपी कंस एवढंच आहे. कंसांच्या मध्ये कर्सर लुकलुकतोय.

धुळे-जळगाव पट्ट्यात मी सतरा वर्षं बीएस्सी कॉम्प्युटर आणि बीसीएच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवतो आहे. काही वर्षं सी होतं, आता पायथनही आहे. भाषा बदलली, सिलॅबस तीनदा बदलला, हा बिघाड मात्र दरवर्षी येतो आणि दरवर्षी दुरुस्तही होतो. पण तो कुठून शोधायला सुरुवात करायची याला क्रम आहे. विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली की वायरमन आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व. मोटर खोलायचा नंबर सगळ्यात शेवटी. स्टाफरूममध्ये आपण मात्र पहिल्याच आठवड्यात मोटर खोलतो: ‘यांचं गणितच कच्चं’, ‘यांना लॉजिकच नाही’. एकदा असं म्हटलं की पुढे तपासायला काही उरतच नाही. म्हणून हे वाक्य मी स्वतःपुरतं बंद केलं आहे.

लक्षणं

वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो सर’ येतं. जर्नल वेळेवर, स्वच्छ, अल्गोरिदम आणि फ्लोचार्टसकट. फॅक्टोरियल, फिबोनाची, पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग हे नेहमीचे प्रोग्रॅम तोंडपाठ, पण प्रश्नातला एक शब्द बदलला की हात थांबतो. एरर आली की पोरगं ती वाचत नाही. हात वर करतं, नाहीतर अख्खी फाइल पुसून पहिल्यापासून टाइप करतं. प्रॅक्टिकलमध्ये एका मशीनवर दोघं-तिघं बसतात आणि वर्षभर टाइप एकच जण करतो. तिसऱ्या सेमिस्टरला लिंक्ड लिस्टसारखा अवघड भाग सुरू झाला की बाकं रिकामी दिसायला लागतात.

यातली तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढचं वाचा. जे विद्यार्थी मुळात येतच नाहीत, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात असतात किंवा सकाळी दुकानावर बसून मग कॉलेज गाठतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना हा उपाय लावून उपयोग नाही, आधी त्यांच्याशी वेळेचं बोलावं लागतं.

तपासणी पहिली: कीबोर्ड आणि बसायची जागा (दहा मिनिटं, खर्च शून्य)

हसू नका. पहिल्या प्रॅक्टिकलला मी फळ्यावर फक्त चिन्हं लिहितो: महिरपी कंस, चौकोनी कंस, अर्धविराम, अँपरसँड, टक्का, हॅश, अवतरण, लहान-मोठ्याची चिन्हं. ‘हे नोटपॅडमध्ये टाइप करून सेव्ह करा आणि फाइल परत उघडून दाखवा.’

ही पोरं मोबाइलवर वाढली आहेत. दोन अंगठ्यांनी ती आपल्यापेक्षा वेगात लिहितात, पण शिफ्ट दाबून धरून दुसरी कळ दाबायची असते हे बऱ्याच जणांना कॉलेजात आल्यावर कळतं. सेव्ह केलेली फाइल कुठे गेली हे तर निम्म्या वर्गाला सापडत नाही, कारण मोबाइलमध्ये फोल्डर शोधायची वेळच येत नाही. ज्याचं सगळं लक्ष महिरपी कंस शोधण्यात गेलं, त्याला लूपचा, म्हणजे त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवण्याचा, विचार करायला डोकं उरत नाही. लॉजिक कच्चं म्हणून आपण ज्याला बाजूला काढतो, तो कितीदा तरी फक्त कळ शोधत असतो.

याच दहा मिनिटांत शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बसा आणि प्रोजेक्टरकडे बघा. खिडकीतून ऊन येत असेल तर अर्धविराम आणि स्वल्पविराम तिथून वेगळे ओळखता येत नाहीत. एडिटरचा फॉन्ट चोवीसच्या खाली नको.

तपासणी दुसरी: चार ओळींची चिठ्ठी (पाच मिनिटं, वहीचं पान)

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती याच तपासणीत मिळते, म्हणून इथे जरा थांबतो. वहीचं पान फाडून प्रत्येकाला द्या आणि फळ्यावर लिहा:

अ = ५
ब = १०
अ = ब
ब = अ

‘शेवटी अ किती आणि ब किती? शेजाऱ्याचं बघू नका, मार्क नाहीत, नाव लिहू नका.’ नाव नको म्हणणं महत्त्वाचं, नाहीतर हुशार मुलाचं उत्तर रांगभर फिरतं.

बरोबर उत्तर दोन्हीही १०. ते किती जणांचं आलं हे मोजाच, पण खरं बघायचं ते चुकलेल्या चिठ्ठ्यांमध्ये. ‘अ १०, ब ५’ लिहिणाऱ्याला वाटतं की दोन्ही ओळी एकदमच घडतात, म्हणजे अदलाबदल झाली. एकेक ओळ वरून खाली घडते आणि पहिली ओळ घडून गेल्यावर जुनं ५ कुठेच शिल्लक नसतं, हे त्याच्या मनात नाही. ‘दोन्ही ५’ लिहिणारा बाण उलटा धरतो, डावीकडचं उजवीकडे ठेवतो. आणि दरवर्षी दोन-चार चिठ्ठ्यांवर असतं: ‘सर प्रश्न चुकला, ५ बरोबर १० कसं होईल?’ या शेवटच्या मुलावर रागावू नका. त्याने दहा वर्षं शाळेत जे शिकलं ते प्रामाणिकपणे लावलं आहे. मराठी माध्यमात आपण ते चिन्ह ‘बरोबर’ असं वाचायला शिकवतो. ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ हे वाक्य गणितात खोटंच आहे.

म्हणून आता मी ते चिन्ह वर्गात ‘बरोबर’ असं कधीच वाचत नाही. ‘अ वर लिही, ब ची किंमत’ असं वाचतो. दोन चिन्हं जोडून आली तरच ‘बरोबर आहे का?’ असा प्रश्न म्हणून वाचायचं. सेमिस्टरभर हे कटाक्षाने पाळलं तर इफच्या (अटीच्या) कंसात एकच चिन्ह टाकण्याची चूकही निम्म्यावर येते असा माझा अनुभव आहे.

उदाहरणाबद्दलही एक सांगायचं आहे. व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव, वरचे अ आणि ब) म्हणजे डबा, हे मी बरीच वर्षं शिकवलं आणि त्यातूनच एक चूक पेरली. एका डब्यातला लाडू काढून दुसऱ्यात ठेवला की पहिला डबा रिकामा होतो. मुलं तेच धरून बसायची: अ = ब झालं, म्हणजे आता ब रिकामा. त्यानंतर मी पाट्या आणल्या, बाजारात मिळतात त्या साध्या दगडी पाट्या. दोन मुलं समोर उभी करतो, एक अ, एक ब. ‘अ = ब’ म्हणजे अ ने ब ची पाटी वाचायची, स्वतःची पुसायची आणि वाचलेलं लिहायचं. ब ची पाटी तशीच राहते. पुसलेलं परत येत नाही. ‘मग अदलाबदल कशी करायची?’ असं विचारलं की कोणीतरी मागून ओरडतंच, ‘सर, अजून एक पाटी लागेल.’ तिसरं व्हेरिएबल का लागतं, हे ज्या वर्गाने असं स्वतः शोधलं त्या वर्गाला मला ते पुन्हा सांगावं लागलं नाही.

तपासणी तिसरी: वाचता येतं का? (एक तास, खर्च शून्य)

२००१ साली संगणक-शिक्षणाचे संशोधक मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स पूर्ण केलेली ही मुलं, आणि सरासरी गुण आले ११० पैकी २२.८९. म्हणजे हा बिघाड आपल्याकडचा, ग्रामीण भागाचा किंवा मराठी माध्यमाचा नाही. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांत वेगळ्या बाजूने तपासलं: लिहिणं सोडा, समोर दिलेला छोटा कोड वाचून त्याचं उत्तर सांगता येतं का? तिथेही मोठ्या संख्येने विद्यार्थी अडखळले. ज्याला दुसऱ्याने लिहिलेल्या आठ ओळी ओळीने चालवून बघता येत नाहीत, त्याच्याकडून आपण स्वतःच्या आठ ओळी मागतो.

तेव्हा स्लिपवरचाच प्रोग्रॅम घ्या, साधी अंकांची बेरीज. फळ्यावर तीन रकाने आखा: सुटलेला अंक, बेरीज, उरलेली संख्या. ४७२ घ्या. पहिल्या फेरीत दहाने भागून बाकी २, बेरीज २, उरले ४७. दुसऱ्या फेरीत बाकी ७, बेरीज ९, उरले ४. तिसऱ्या फेरीत बाकी ४, बेरीज १३, उरलं शून्य, लूप थांबला. पहिली फेरी तुम्ही भरा, दुसरी वर्गाकडून भरून घ्या, तिसरी प्रत्येकाने वहीत एकट्याने. मग विचारा: ‘आता फक्त सम अंक हवे असतील तर या तीनपैकी कोणता रकाना बदलेल?’ बोट बेरजेच्या रकान्यावर जातं. सुटलेला अंक तसाच सुटणार, संख्या तशीच लहान होणार, फक्त बेरजेच्या आधी एक अट येणार, आणि उत्तर १३ ऐवजी ६. परीक्षेत त्या पोराचे हात जिथे थांबले होते ती जागा नेमकी हीच. प्रोग्रॅम त्याने पाठ केला होता, पण तो रकान्या-रकान्याने चालतो हे कधी बघितलं नव्हतं.

माझ्या जर्नलमध्ये आता अल्गोरिदम आणि थिअरीच्या जागी हा तक्ता असतो, आणि प्रत्येकाने आपल्या रोल नंबरवरून संख्या घ्यायची. तक्ता शेजाऱ्याचा उतरवून चालत नाही. ज्यांना घरी सराव करायचा त्यांना मी मोबाइलवरच पायथन ट्यूटर उघडून देतो. फिलिप गुओ यांनी बनवलेलं हे फुकट साधन कोड एकेका ओळीने पुढे सरकवतं आणि प्रत्येक व्हेरिएबलची किंमत चित्रात दाखवतं. पण आधी वही आणि पेन्सिल, नंतर मोबाइल. उलट केलं की मुलं फक्त ‘नेक्स्ट’ दाबत बसतात.

तपासणी चौथी: एरर कोण वाचतं? (चालू प्रॅक्टिकलमध्येच)

हात वर झाला की मशीनपाशी जा, पण हात मागे बांधून. कीबोर्डला बोट लावायचं नाही. ‘काय लिहिलंय ते मोठ्याने वाच.’ पोरगं कोड वाचायला लागतं. ‘कोड नाही, खालची एरर वाच. पहिली.’ पहिलीच का? एका सुटलेल्या अर्धविरामामुळे खाली सात एरर येऊ शकतात, पहिली गेली की बाकीच्या बऱ्याचशा आपोआप जातात. आणि चूक दाखवलेल्या ओळीवर नसेल तर तिच्या वरच्या ओळीवर बघायचं, कारण अर्धविराम राहिला हे कंपायलरला (कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) अनेकदा पुढचा शब्द आल्यावरच कळतं.

एररची इंग्रजी ही वेगळीच इंग्रजी आहे, पण ती सगळी मिळून वीस-पंचवीस शब्दांची. ‘एक्सपेक्टेड’ म्हणजे इथे हे असायला हवं होतं. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे हे नाव आधी सांगितलंच नाही, किंवा स्पेलिंग वेगळं पडलं. असा तक्ता मुलांकडूनच करून लॅबच्या भिंतीवर लावला आहे. ज्या चुकांना एरर येतच नाही त्या तक्त्यात सगळ्यात वर, लाल पेनाने: स्कॅनएफमध्ये (किंमत वाचून घेणाऱ्या आज्ञेत) विसरलेलं अँपरसँड, इफच्या कंसातलं एकेरी चिन्ह, फॉर लूपच्या कंसानंतर लगेच पडलेला अर्धविराम. या शेवटच्या चुकीत लूप रिकामाच फिरून येतो आणि खालचा प्रिंट एकदाच होतो. मुलं अर्धा-अर्धा तास तिथे घालवतात, आणि तो अर्धविराम दिसला की चेहरा असा खुलतो की विचारू नका.

तपासणी पाचवी: भाषा कुठे अडते?

शिरपूरकडून येणाऱ्या एका मुलीने मला एकदा लॅबबाहेर थांबवून सांगितलं, ‘सर, माले समजस, पन लिखता येत नही.’ वर्गात ती कधी बोलायची नाही. तिला म्हटलं, लूप काय करतो ते तुझ्या बोलीत सांग. तिने इतकं नेमकं सांगितलं की मी तिच्याच शेजारी बसून तेच वाक्य ओळीओळीने कोडमध्ये मांडत गेलो, आणि दुसरी अट येईपर्यंत ती स्वतःच टाइप करायला लागली होती.

आपल्या वर्गात एका बाकावर अहिराणी असते, दुसऱ्यावर यावल-रावेरकडची लेवा बोली, तिसऱ्यावर धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलाची भिली किंवा पावरी. त्यावर आपली पुस्तकी मराठी, त्यावर पुस्तकाची इंग्रजी आणि सगळ्यात वर सी. चुकीची अट विचार करताना सुचली की भाषा बदलताना शिरली, हे वेगळं काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. म्हणून जोड्यांमध्ये चर्चा कोणत्याही बोलीत होऊ द्या. लूप, अ‍ॅरे, पॉइंटर हे शब्द इंग्रजीच ठेवा, त्यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिले की मुलांना परीक्षेत दोनदा भाषांतर करावं लागतं.

पायथन शिकवत असाल तर एक सोय हाताशी आहे. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. ‘बेरीज’, ‘अंक’, ‘उरलेली’ अशी नावं दिलेला प्रोग्रॅम खरोखर चालतो (कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात). पहिले दोन आठवडे मी हेच करतो. पाठ केलेलं नाव आणि समजून दिलेलं नाव यांतला फरक मुलांना तिथे दिसतो. परीक्षेला इंग्रजी नावं लिहायची, हे तिसऱ्या आठवड्यात सांगून टाकतो.

तपासणी सहावी: पट्ट्या लावता येतात का? (झेरॉक्सचे पैसे)

वाचता येतं, पण लिहिता येत नाही, अशी मुलं या टप्प्यावर उरतात. त्यांना एकदम कोरा स्क्रीन देऊ नका. आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम मोठ्या अक्षरात छापा, ओळी कापा, विस्कटून द्या आणि क्रमाने लावायला सांगा. दोन ओळी मुद्दाम चुकीच्या टाका. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली न्यूझीलंडमधून ही पद्धत मांडली, जगभर ती पार्सन्सचे प्रश्न म्हणूनच ओळखली जाते. अर्धविराम आणि स्पेलिंगचं ओझं यात काढून टाकलेलं असतं, उरतो तो फक्त क्रमाचा विचार. ज्याला पट्ट्या लावता येतात पण टाइप करताना अडतं, त्याचा बिघाड व्याकरणात. ज्याला पट्ट्याच लावता येत नाहीत त्याला परत तिसऱ्या तपासणीवर न्या.

आपल्याकडे मार्चपासून पंखा बंद करायची सोय नाही. कागदाच्या पट्ट्या उडून शेजारच्या गटात जातात. मी त्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवल्या आहेत, तोच संच चार वर्षं चालतो आहे.

तपासणी सातवी: लॅबमधलं साधन जुनं आहे का?

इथून पुढे परवानगी लागते, म्हणून हे मागे ठेवलं. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी चालतं, निळ्या स्क्रीनचं, जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये. १९८७ सालचं हे साधन. त्यात पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात, म्हणजे ३२७६७ पर्यंतच जागा. मुलगा फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) लिहितो, ७ चं उत्तर ५०४० बरोबर येतं, ८ दिल्यावर ४०३२० ऐवजी उणे २५२१६ दिसतं. प्रोग्रॅम बरोबर असतो, पण चूक आपलीच असं समजून तो बरोबर असलेला लूप मोडून टाकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चार बाइटच्या कंपायलरवर १२ पर्यंत ठीक येतं, १३ ला तिथेही जागा संपते, तेव्हा हे दोन्हीकडे करून दाखवणं हाच एक चांगला धडा आहे.

दुसरी अडचण अशी की क्लिअर स्क्रीन आणि गेट कॅरॅक्टरची जी फंक्शनं टर्बो सीमध्ये हाताला बसतात, ती बाहेरच्या अनेक कंपायलरवर चालत नाहीत. मुलगा घरी मोबाइलवर तोच प्रोग्रॅम टाकतो, एरर येते, तो सराव सोडून देतो. जीसीसी या कंपायलरवर चालणारा एखादा फुकट एडिटर जुन्या मशीनवरही बसतो. सरावाचं आणि परीक्षेचं साधन एकच असू द्या. ते बदलायचं असेल तर जूनमध्ये, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी नाही.

तपासणी आठवी: तुमचा वेळ कशात जातो?

सगळ्यात अवघड तपासणी हीच, कारण इथे आपली सवय बदलावी लागते आणि विभागप्रमुखांना पटवावं लागतं. साठ जर्नलं, प्रत्येकात वीस प्रोग्रॅम, म्हणजे बाराशे सह्या. त्या करताना विद्यार्थी समोर उभा असतो आणि आपण एक शब्द बोलत नाही. मी सही देण्याआधी दोन मिनिटं घेतो. उतरवलेल्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीवर बोट ठेवतो: ‘ही काढली तर काय होईल?’ वीस जणांची बॅच चाळीस मिनिटांत होते. सांगता आलं तर सही, नाही तर पुढच्या वेळी. प्रत्येक प्रोग्रॅमला हे जमत नाही, तीन-चार निवडक प्रोग्रॅमना पुरतं. इंटर्नलचे थोडे गुण याच्याशी जोडता आले तर उतरवण्याचं प्रमाण महिन्याभरात कमी होतं.

एका मशीनवर दोघं असतील तर दर दहा मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा, आणि ज्याच्या हातात कीबोर्ड नाही त्यानेच काय टाइप करायचं ते सांगायचं. शिपाईमामांकडून जुनं भिंतीवरचं घड्याळ मागून लॅबमध्ये लावलं, दुसरं काही लागलं नाही. शेवटच्या बॅचला साडेचारनंतर नवीन काही काढू नका. साक्री-चोपड्याकडच्या मुलांचं मन तोवर एसटीकडे लागलेलं असतं, गाडी चुकली तर पुढची अंधारात आहे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, यूपीएसमधून जळका वास येत असेल किंवा मशीन वारंवार बंद पडत असेल, तर मुलांना बाहेर काढा, मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग त्याच्याकडूनच तपासून घ्या. यूपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी आत बॅटरी असते आणि कपॅसिटरमध्ये दाब राहतो. आपण कॉम्प्युटरचे शिक्षक आहोत म्हणून हे काम आपलं होत नाही.

फळ्यावरचं लिहून घेताना मुलगा डोळे बारीक करत असेल तर आधी डोळे तपासायला पाठवा. वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही एखाद्याला वाचतानाच अक्षरं, आकडे, ओळी सतत उलटसुलट होत असतील, तर त्याला नाव ठेवू नका, निदानही करू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि ती ठरवण्याचं काम तज्ज्ञांचं आहे. पालकांशी शांतपणे बोला, जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवा.

मुलगा झोपत नाही, जेवत नाही, एकटा राहतो, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलतो, तर त्या दिवशी प्रोग्रॅमिंगचा विषयच काढू नका. त्याला एकटं सोडू नका, घरी कळवा, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्यासमोर लावून द्या. ही मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते.

शेवटची एक वेळ अशी असते की थांबायचं आपल्यालाच असतं. चार ओळींची ती चिठ्ठी तीन आठवड्यांनी आकडे बदलून परत घ्या. तेव्हाही निम्म्याहून जास्त वर्ग चुकत असेल तर बिघाड मुलांमध्ये शोधणं बंद करा आणि एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला आपल्या तासाला मागे बसायला सांगा. माझ्यावर ही वेळ एकदा आली होती. आमच्याच विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम दोन तास मागच्या बाकावर बसल्या, काही बोलल्या नाहीत, वहीत काड्या ओढत राहिल्या. नंतर वही माझ्यासमोर ठेवली. एका तासात मी एकोणीस प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या सतरांची उत्तरं मीच दिली होती, बहुतेक लगेचच. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं. आता प्रश्न विचारला की मी खडू टेबलावर ठेवतो आणि मनात दहा मोजतो. सात-आठवर वर्गात चुळबुळ होते, नऊवर कोणीतरी तोंड उघडतं. बऱ्याचदा ते मागच्या बाकावरचं असतं.